कोटेशनं तीन, वस्तूही तीन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, या ताई एचआर आणि ट्रेनिंग, दोन्ही एकट्या सांभाळतात. कामगार अडीचशेच्या आसपास, निम्म्याहून जास्त कंत्राटी. दर महिन्याला नवी तुकडी येते आणि तेच दोन दिवसांचं इंडक्शन त्या पुन्हा घेतात. एमडी साहेब एका प्रदर्शनाहून परतले ते "सगळं ट्रेनिंग ऑनलाइन करून टाका, सॉफ्टवेअर घ्या" असं म्हणतच. ताईंकडे आता पंचावन्न हजारांपासून चार लाखांपर्यंतची तीन कोटेशनं आहेत. आयटीवाला म्हणतो मूडल नावाचं ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. भाचा म्हणतो यूट्यूबवर टाक. ताईंना पॉवरपॉइंट छान येतं, पण बाकी "टेक्निकल काही येत नाही". महिनाअखेर निर्णय द्यायचा आहे. पत्राचा शेवट असा: "सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं ते एकदाचं सांगा. चुकीचं घेतलं तर नाव माझं जाईल, आणि सगळं ऑनलाइन झालं तर कदाचित नोकरीही."

ताई,

तुमची तिन्ही कोटेशनं शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्यांची तुलना करताना डोकं दुखलं असेल तर दोष तुमचा नाही, ती तुलना होण्यासारखीच नाही. पहिलं कोटेशन कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरचं आहे, म्हणजे ऑथरिंग टूलचं. दुसरं एलएमएसचं: बनलेला कोर्स लोकांपर्यंत पोचवायचा, आणि कुणी पाहिला, किती गुण पडले याची नोंद ठेवायची. तिसऱ्यात सॉफ्टवेअर नाहीच. ते लोक तुमच्या पीपीटी घेणार आणि मॉड्यूलमागे, म्हणजे कोर्सच्या एकेका तुकड्यामागे, पैसे लावून कोर्स बनवून देणार. एक शेगडी विकतोय, दुसरा डबे पोचवतोय, तिसऱ्याची खानावळ आहे. तिघंही तुम्हाला "कम्प्लीट सोल्युशन" म्हणाले असणार, म्हणून गोंधळ.

आता पत्रात जे नाही ते विचारतो. तुमचा ऑपरेटर हा कोर्स कुठे बसून बघणार आहे?

बऱ्याच प्रेस शॉपमध्ये फोन गेटवर जमा होतो किंवा लॉकरमध्ये राहतो, आणि तसंच असायला हवं. तुमच्याकडेही तसं असेल तर "मोबाइल ॲप" हे दुसऱ्या कोटेशनमधलं सगळ्यात ठळक अक्षरातलं वाक्य तुमच्या काही कामाचं नाही. ड्यूटी संपवून, बस पकडून, भोसरीच्या खोलीवर जाऊन पोरगा स्वतःचा डेटा खर्चून सुरक्षेचा कोर्स बघेल, ही अपेक्षा धरू नका. धरणं बरोबरही नाही. प्रशिक्षण कामाच्या वेळेतच व्हायला हवं. म्हणजे उरली ट्रेनिंग रूम. तिथे एक टीव्ही आणि चार टॅब्लेट असले की गोष्ट बरीच सोपी होते. आणखी एक: पुष्कळ एलएमएसना प्रत्येक माणसाचा ईमेल आयडी लागतो. तुमच्या कंत्राटी कामगारांपैकी किती जण ईमेल उघडतात? टोकन नंबरने लॉगिन होतं का, हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारा. उत्तर "कस्टमायझेशन करून देऊ" असं आलं, तर त्याचे पैसे वेगळे पडणार असं समजा.

दुसरं गृहीतक म्हणजे "सगळं" ऑनलाइन करायचं. ते साहेबांचं आहे, पण तुम्हीही मान्य करून टाकलेलं दिसतं. दोन दिवसांच्या इंडक्शनचा कागद काढा आणि प्रत्येक विषयासमोर लिहा, हे ऐकून कळतं, बघून कळतं की हाताने केल्याशिवाय कळत नाही. गेटचे नियम, रजा, पीएफ, ईएसआय, कँटीन, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), हेल्मेट-बूट हे ऐकून कळतं आणि दर महिन्याला अक्षर न बदलता सांगावं लागतं. खुशाल ऑनलाइन करा. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलणं, दोन हातांची बटणं, लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), लॉकआउटचं कुलूप (मशीन कुणी मध्येच चालू करू नये म्हणून लावायचं) हे मशीनपाशीच शिकवायचं. तिथे व्हिडिओ फार तर आदल्या दिवशी दाखवायला. कुलूप लावल्याचा व्हिडिओ शंभर टक्के पाहून झाला, हिरवी टिक आली, आणि प्रत्यक्षात त्या माणसाला चावी कुणाकडे असते तेच माहीत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

मधला प्रकार, बघून कळणारा, तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. पत्र्याच्या कडेला आलेला बर (धारदार कंगोरा), बेंडपाशी पडलेली बारीक क्रॅक, डायमध्ये कचरा अडकून उठलेला डेंट. आज तुम्ही हे रिजेक्शनच्या खोक्यातले पार्ट हातात धरून दाखवता. पंचवीस जणांच्या तुकडीत मागच्या रांगेला काही दिसत नाही. त्याऐवजी स्क्रीनवर मोठे तीन फोटो, खाली एकच प्रश्न: यातला कोणता पार्ट पुढे पाठवाल? चुकीच्या फोटोवर बोट ठेवलं की तिथलाच भाग मोठा होऊन दिसावा आणि आवाज यावा, "इथे बघा, कड हाताला लागते." असे वीस प्रश्न तयार झाले तर इंडक्शनचा दुसरा दिवस निम्मा होईल. आणि असा प्रश्न बाजारातलं जवळजवळ प्रत्येक टूल करतं. त्यासाठी चार लाख लागत नाहीत. लागतात ते चांगले फोटो, आणि क्वालिटीतला एखादा जुना माणूस शेजारी बसलेला.

आता टूलांकडे येतो, कारण तुम्ही मुळात तेच विचारलंय.

आर्टिक्युलेट ३६० हे ऑथरिंग टूल, त्यात मुख्य दोन गोष्टी येतात. स्टोरीलाइन विंडोजवर चालतं, हवं ते करता येतं, पण शिकायला आठवडे जातात. राइझ ब्राउझरमध्ये चालतं, एका दिवसात जमतं, पान मोबाइलच्या मापाला आपोआप बसतं. मात्र त्याचा साचा ठरलेला. वर्गणी वार्षिक, दर माणशी, हजार डॉलरच्या वर. ॲडोबी कॅप्टिव्हेट कामाने त्याच पंगतीतलं. आयस्प्रिंग सूट हे पॉवरपॉइंटमध्येच एक टॅब होऊन बसतं; तुमच्या स्लाइड तुमच्याच राहतात, प्रश्न आणि आवाज त्यावर चढतात. एच-फाइव्ह-पी (H5P) मोफत आणि मुक्तस्रोत आहे, मूडलमध्ये २०२० पासून आतच मिळतं, आणि चालत्या व्हिडिओत मध्येच थांबवून प्रश्न विचारायचं काम फार सुरेख करतं. मूडल स्वतः एलएमएस आहे, २००२ पासूनचं, जगभर चालणारं, आणि खरंच फुकट. फक्त गाय फुकट असली तरी वैरण आपली: सर्व्हर, बॅकअप, अपडेट आणि ते करणारा माणूस. तुमचा आयटीवाला "फुकट आहे" म्हणाला, "मी सांभाळतो" म्हणाला का? ते त्याच्याकडून ईमेलवर घ्या.

यांपैकी काहीही निवडण्याआधी प्रत्येक विक्रेत्याला डेमोमध्ये, तुमच्यासमोर, हे वाक्य टाइप करायला लावा:

"दुसऱ्या पाळीतल्या ऑपरेटरने प्रेसमध्ये हात घालण्याआधी ऊर्जा बंद केल्याची खात्री करावी, कॅलिपरचं माप ०.०५ मिमी."

मग बघत बसा. "दुसऱ्या"मधला ऱ्य नीट उमटतो की पाय मोडलेला र दिसतो. "ऑ" आणि "कॅ"वरचा चंद्र जागेवर आहे का. जोडाक्षरं सुटली का. "सबमिट", "नेक्स्ट" ही बटणं मराठी करता येतात का. काही टूलांत येतात, काहींत कोर्स मराठी आणि बटणं इंग्रजी असा धेडगुजरी प्रकार होतो. शेवटी "शिंदे" या नावाचं प्रमाणपत्र काढायला सांगा. काही प्रणालींच्या पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते, आणि ज्याच्या नावाची अशी वाट लागते तो माणूस ते प्रमाणपत्र घरी नेत नाही. पंधरा मिनिटांची ही परीक्षा कुठल्याही तुलनातक्त्यापेक्षा जास्त सांगून जाते.

याला जोडून एक घरचं काम. तुमच्या जुन्या पीपीटी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर त्या नव्या टूलमध्ये टाकल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा खिचडा दिसेल. आधी युनिकोडमध्ये आणून घ्या. फाँटला नोटो सान्स किंवा मुक्ता घ्या, दोन्ही मोफत आहेत. आणि कंत्राटी पोरांसाठी हिंदी आवृत्ती लागणारच, म्हणून कोर्समधला सगळा मजकूर वर्ड फाइलमध्ये बाहेर काढून, भाषांतर करून पुन्हा आत घालता येतो का, हेही विचारा. येत नसेल तर बदल दोनदा करावे लागतील, आणि तिसऱ्या महिन्यात हिंदी आवृत्ती मागे पडेल.

चूक होण्याच्या भीतीबद्दल. माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका कंपनीसाठी बाहेरून चाळीसएक मॉड्यूल करून घेतली. देखणी होती, पात्रं हलायची, बोलायची. सगळी फ्लॅश या ॲडोबीच्या ॲनिमेशनच्या तंत्रात. ॲडोबीने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढूनही घेतला. तेव्हा आम्ही मूळ फाइली शोधायला लागलो, तर आमच्याकडे फक्त तयार झिप होत्या. करून देणारी मंडळी केव्हाच दुकान बंद करून गेली होती. भाकरी आमच्याकडे होती, पीठ नव्हतं. सगळं नव्याने करावं लागलं. निवडीच्या वेळी फ्लॅश चुकीचं नव्हतं, तेव्हा सगळं जग तेच वापरत होतं. चूक ही की मूळ फाइली द्यायच्या, ही ओळ मी पर्चेस ऑर्डरमध्ये घातली नव्हती.

म्हणून तुम्ही "चांगलं कोणतं" याऐवजी "यातून बाहेर कसं पडायचं" हे विचारा. वर्गणी संपली तर केलेला कोर्स चालू राहतो का? संपादन तर बंदच होणार, ते गृहीत धरा. कोर्स एससीओआरएम, ज्याला सगळे स्कॉर्म म्हणतात, त्या स्वरूपात बाहेर काढता येतो का? हे मानक अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून आलं. १.२ ही आवृत्ती २००१ सालची, आणि अजूनही ती जवळजवळ प्रत्येक एलएमएस वाचतं. म्हातारं आहे पण चालतंय. त्याची एक खोड लक्षात ठेवा: माणूस कुठपर्यंत आला आणि त्याने काय उत्तरं दिली हे लक्षात ठेवायला त्याच्यात जेमतेम ४,०९६ अक्षरांची जागा असते. फार लांबडा कोर्स केला की जागा भरते, आणि मध्येच उठून गेलेल्या माणसाला परत पहिल्या पानापासून सुरू करावं लागतं. सहा-सात मिनिटांचे तुकडे करा, प्रश्नच मिटला.

आणि खानावळवाल्यांना, म्हणजे तिसऱ्या कोटेशनला, तुमची डाय किंवा नियम बदलला तर एक फोटो बदलायचे किती पैसे आणि किती दिवस, हे लेखी विचारा. प्रेस शॉपमध्ये कोर्सचं खरं काम तो बनल्यावर सुरू होतं. दुरुस्ती तुम्हाला स्वतःला करता येत नसेल तर सहा महिन्यांत कोर्स एक सांगेल आणि लाइनवर दुसरंच चालेल. तसा कोर्स नसलेला बरा.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? एलएमएस आत्ता घेतलंच नसतं. अडीचशे माणसांची नोंद ठेवायला टोकन नंबर विचारणारा साधा गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट फॉर्म, त्यामागे एक्सेल, आणि नेहमीचा सहीचा कागद पुरतो. आयएटीएफ १६९४९ च्या, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या, ऑडिटमध्ये ऑडिटर तुम्हाला सॉफ्टवेअरचं नाव विचारत नाही. माणसाला काम येतं याचा पुरावा काय, आणि ट्रेनिंगचा उपयोग झाला हे कशावरून, एवढं विचारतो. तुमचं उत्तर मशीनपाशी सुपरवायझरने भरलेल्या चेकलिस्टमध्ये असतं, ते कुठल्याही सर्व्हरवर नसतं. कामगार पाचशे झाले, दुसरा प्लांट निघाला, तेव्हा एलएमएस घ्या. तोवर स्कॉर्ममध्ये बाहेर निघणारे कोर्स हाताशी असतील, ते तसेच आत जातील.

बनवायला म्हणाल तर पॉवरपॉइंटला चिकटणारं टूल, एका माणसाचं, एक वर्षाचं. तुम्हाला पॉवरपॉइंट "छान" येतं असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात "टेक्निकल काही येत नाही" म्हणालात. याला काय म्हणायचं? पहिला महिना तर तेही घेऊ नका. बहुतेक टूलांना मोफत चाचणीची मुदत असते, आर्टिक्युलेटची तीस दिवसांची आहे. दोषांच्या फोटोंचं एकच मॉड्यूल दोन वेगळ्या टूलांत करून बघा. झालं की मुद्दाम दोन फोटो बदला आणि घड्याळ लावा. ज्यात दहा मिनिटांत बदल झाला ते तुमचं टूल, मग चकाकी कमी असली तरी चालेल. डॉलरमधली वर्गणी घेतलीत तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरा, आणि कार्डावरच्या आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. पंधरा हजारांवरच्या रकमेला ओटीपी लागतो, तो ज्या साहेबांच्या फोनवर जातो ते नेमके त्या दिवशी विमानात असतात. तारीख अकाउंट्सच्या कॅलेंडरमध्ये घाला.

मॉड्यूल लिहिताना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पद्धत उचला. ते दहा मिनिटांच्या आसपासचे धडे करतात आणि मराठीसह २२ भारतीय भाषांत आवाज देतात. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी त्यांची संहिता दोन रकान्यांत लिहिलेली असते, डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय बोलणार. मग ती विषय अजिबात न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात. तुमच्याकडे असा माणूस दर महिन्याला गेटवर हजर होतो. तुकडीतल्या तिघांना बसवा: एक आयटीआयचा ट्रेनी, एक पन्नाशीचा ऑपरेटर, एक फक्त हिंदी वाचणारा. तुम्ही मागे उभ्या राहा आणि तोंड उघडू नका. कुठे बोट थांबतं ते लिहून घ्या. आवाज शक्यतो तुमचाच ठेवा. संगणकाचे मराठी आवाज आता बरे आहेत, पण "०.०५ मिमी" आणि "पीपीई" वाचताना ते अडखळतात, आणि पोरं हसतात.

जाता जाता दुसऱ्या वाचकांसाठी. शिवणक्लास, गाण्याचा क्लास, अकाउंटिंगचे वर्ग चालवणाऱ्यांची याच धाटणीची चार पत्रं पडून आहेत. तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला कोर्स विकायचाय, त्यामुळे पैसे कसे येतात आणि विद्यार्थ्यांचे नंबर शेवटी कुणाकडे राहतात हे आधी बघा, स्कॉर्मबिर्म विसरा. पहिली तुकडी व्हॉट्सॲप ग्रुप आणि झूमवर काढा. ती भरली तर सॉफ्टवेअरचं बोलू.

ताई, साहेबांना महिनाअखेर काय सांगायचं? "अमुक घेऊ या" असं सांगू नका. केबिनमध्ये टॅब्लेट न्या, दोषांचं मॉड्यूल उघडा आणि त्यांनाच तीन फोटोंतला पुढे पाठवायचा पार्ट ओळखायला लावा. एमडी लोकांना परीक्षा द्यायला फार आवडतं, विशेषतः चुकले की. मग चाचणीचा आकडा सांगा: बनवायला किती दिवस, बदलायला किती मिनिटं, वर्षाला किती रुपये. चार लाखांच्या जागी एका टूलची वर्गणी आणि चार टॅब्लेटचा खर्च ऐकला की सही होते.

नोकरीचं तुम्ही शेवटच्या अर्ध्या वाक्यात घुसडलंत, पण पत्र त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं. दर महिन्याला कँटीनचे नियम वाचून दाखवायचं काम जाईल. जाऊ द्या. त्याच बैठकीत मोकळ्या झालेल्या दिवसाचं वेळापत्रक साहेबांसमोर ठेवा: प्रत्येक नव्या माणसासोबत मशीनपाशी चाळीस मिनिटं, सुपरवायझरची चेकलिस्ट, महिन्याने पुन्हा तपासणी. हा कागद तुम्ही आधी ठेवलात तर मोकळ्या वेळेचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल. नाही ठेवलात तर दुसरं कुणीतरी ठरवेल.

आणि बरचे फोटो काढताना मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. पत्रा चमकतो आणि काहीच दिसत नाही. पार्ट काळ्या कापडावर ठेवून बाजूने टॉर्च तिरका धरा, म्हणजे बरची सावली पडते.